काशीला सोडलेली चेरी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात सूड म्हणून एकच झाड लावलं. ते आमच्या हैदराबादच्या विद्यानगरातल्या घराच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी अजून उभं आहे.

लोक झाडं लावतात ती सावलीसाठी, फळांसाठी, फार तर शेजाऱ्यांना दाखवायला. आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा) चेरीचं रोप आणलं ते नवऱ्याला ती चेरी खाता येऊ नये म्हणून. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, तेव्हा सुरुवातीपासूनच सांगते. मी गणित शिकवते, पायऱ्या गाळलेल्या मला चालत नाहीत.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी दोघं काशीला गेली होती. आमच्याकडे, म्हणजे परभणीकडून इकडे येऊन स्थिरावलेल्या शेतकरी घरांत, काशीला गेलं की एक फळ आणि एक भाजी सोडून यायची पद्धत आहे. घाटावर ओंजळीत पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. मग ती वस्तू जन्मभर तोंडाला लावायची नाही. आवडीची सोडावी अशी अपेक्षा असते, पण तपासायला कोण येतंय? आमच्या नात्यात कारलं सोडून आलेले धर्मात्मे पुष्कळ आहेत.

आईंनी सीताफळ आणि वांगं सोडलं. मराठवाड्यात जन्मलेल्या बाईने वांगं सोडणं म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आणि सीताफळ तर त्यांचा जीव की प्राण. हंगामात दुपारचं जेवण सोडून त्या सीताफळं घेऊन बसायच्या. पाणी सोडताना त्यांचे डोळे भरून आले होते, असं बाबांनीच आम्हाला सांगितलं.

मग बाबांची पाळी आली. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "चेरी आणि ब्रोकोली." तिथल्या पंडाजींनी ब्रोकोली दोनदा विचारून घेतली म्हणे. सरकारी नोकरीत सारी हयात नियमांच्या कडेकडेने चालत आलेल्या माणसाचा तो त्याग होता. आमच्या इथल्या कोठीच्या बाजारात उभ्या जन्मात त्यांनी चेरी विकत घेतली नव्हती, आणि ब्रोकोलीला ते 'हिरवा फ्लॉवर' म्हणून हसत.

आई तिथे काही बोलल्या नाहीत. घाटावर माणसं होती. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "देवाला फसवायलेत हे."

त्यानंतर दर वर्षी सीताफळं यायची. बाबा टोपलीभर आणायचे, अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि ताटलीत बियांचा ढीग करायचे. वर आईंना सांगायचे, "अगं, यंदा फार गोड निघालीत." यात दुष्टपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच काही वाटत नसे, आणि माझ्या मते तेच जास्त संतापजनक होतं. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत. बाबा विचारत, "भांडं पडलं काय गं?"

अशी चार वर्षं गेली. आईंची मागणी म्हटलं तर फार छोटी होती. आपल्याला जेवढं सोसावं लागतं तेवढं नवऱ्यालाही सोसावं लागावं. एकटीनेच सोडलं, ही गोष्ट त्यांना सीताफळापेक्षा जास्त लागली होती. आता बाबा काही पुन्हा काशीला जाऊन दुसरं फळ सोडणार नव्हते. तेव्हा एकच उपाय राहत होता. त्यांनी जे सोडलंय ते त्यांना आवडायला लावायचं.

पहिला प्रयोग ब्रोकोलीचा झाला. हैदराबादच्या उन्हात तिला भली मोठी पानं आली, पानांवर अळ्या आल्या आणि गड्डा काही आला नाही. बाबा रोज सकाळी त्या वाफ्यापाशी उभे राहून चहा पीत आणि हसत. मग एक दिवस माझ्या मुलीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "आज्जी, हॉट कंट्रीजमधली पण चेरी असते. कुंडीत पण ग्रो होते." आईंनी चष्मा लावला, तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाल्या, "उद्या शाळेला सुट्टी हाय ना तुला?"

शहराबाहेरच्या नर्सरीत आम्ही रिक्षाने गेलो. नर्सरीवाला म्हणाला, "अम्मा, ये बारबाडोस की चेरी है. साल में तीन-चार बार लगती."

आईंनी फळ गोड असतं का विचारलं नाही, झाड केवढं होतं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "पक्का चेरीच है ना? कल को दूसरा कुछ निकला तो?"

"निकलेगा कैसा अम्मा? चेरी है बोले तो चेरीच है."

"तो कागज पे लिख के दो."

त्या बिचाऱ्याने पावतीवर लिहून दिलं. गिऱ्हाईक रोपाची जात अशी कोर्टात हजर करायला नेत असल्यासारखी लिहून मागतंय, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार. ती पावती आईंनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

झाड वाढवणं सोपं नव्हतं. त्याला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून खड्ड्यात खाली विटांचे तुकडे, वर लाल माती आणि शेणखत. कोवळ्या पानांवर बारीक लव असते, ती हाताला लागली की खाज सुटते. आई जुन्या मोज्यांत हात घालून छाटणी करायच्या. पहिल्या वर्षी गुलाबी, झालरीच्या कडांची फुलं आली आणि सगळी गळून गेली. बाबा म्हणाले, "काय गं, तुझ्या झाडालाही चेरी सोडायचीय वाटतं." त्यावर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग शेजारच्या तेलुगू आंटींनी युक्ती सांगितली. झाडाचं पाणी पंधरा दिवस तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग एकदम भरपूर पाणी द्यायचं. आईंनी तसं केलं. ते मलूल झाड बघून मला वाईट वाटायचं, पण आईंना अजिबात वाटलं नाही. त्या सूड उगवायला बसल्या होत्या, आणि झाड त्यांच्या बाजूने लढणारं होतं.

पाणी दिल्यावर फुलं आली आणि महिन्याभरात फळं धरली. आधी हिरवी, मग पिवळसर, मग एका सकाळी लालभडक. पातळ सालीची, चकचकीत, अंगावर तीन उथळ फाकी पाडलेली. ही चेरी तोडली की लगेच खावी लागते, दुसऱ्या दिवशी ती मऊ पडून आंबायला लागते. आईंनी स्टीलच्या ताटात देवापुढे नैवेद्य ठेवला आणि मग सगळ्यांना अंगणात बोलावलं. सगळ्यांना म्हणजे मी, माझा नवरा, मुलगी, शेजारच्या आंटी, आणि खास निमंत्रण असल्यासारखे बाबा.

प्रत्येकाच्या हातावर चेऱ्या पडल्या. बाबांच्या पुढे आल्यावर आईंनी ताट मागे घेतलं. "तुम्हाला चालत नाही ना," त्या म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात त्यांना बाबांशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबा हसले. त्यांनी तयारी केलेली होती. मोबाइलवर वाचून त्यांनी शोधून काढलं होतं की शास्त्रज्ञांच्या मते हे झाड खऱ्या चेरीच्या कुळातलंच नाही. खरी चेरी काश्मीरकडची. हे सगळं त्यांनी आम्हाला पाठ म्हणून दाखवलं. आई आत गेल्या, पावती घेऊन आल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. मग ताटातली सगळ्यात मोठी चेरी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"खा मग," आई म्हणाल्या. "शास्त्रज्ञांना इचारून खा. ओंजळीत पाणी घेतलं तेव्हा तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाऊक."

बाबांनी चेरी तोंडापाशी नेली. आम्ही सगळे चावायचे थांबलो. त्यांनी ती थोडा वेळ तशीच धरली, मग खाली घेतली आणि शेजारच्या आंटींच्या हातात दिली. मी त्यांना पळवाटा शोधताना हजारदा पाहिलं होतं. समोर आलेली पळवाट सोडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांचा आदर वाटला. आईंनाही वाटला असणार, पण त्या जिंकल्याच्या आनंदात होत्या.

तिथून पुढे आमच्या घराचं जे झालं ते मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांना ती चेरी दिसू लागली. म्हणजे आधीही दिसत होती, पण आता दुसरं काही दिसेना. चेरी झाडावरून गायब व्हायला बुलबुल पुरेसे असतात, म्हणून त्यांनी झाडावर आईंची जुनी साडी टाकली. फुलं गळू नयेत म्हणून कान कोरायच्या कापसाच्या काडीने एका फुलातून दुसऱ्या फुलात पराग लावत ते तासन्‌तास उभे राहायचे. ज्या झाडाची थट्टा केली त्याची सेवा करायला लागले. आणि जो खाईल त्याला धरून विचारायचे, "कसं लागायलंय?"

"आंबट-गोड," मी म्हणायची.

"आंबट-गोड तर चिंचपण लागती. नीट सांग."

मी नीट सांगायचा प्रयत्न करायची. कैरीसारखी नाही, संत्र्यासारखी थोडी, पण साल द्राक्षासारखी. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "तुला नाही जमत. तू गणिताची." मग आंटींना विचारायचे. त्या म्हणायच्या, "पुल्लगा उंटुंदंडी, बागा उंटुंदि." आंबट असतं, छान असतं. यानेही त्यांचं समाधान होईना. माझ्या नवऱ्याने तर हात टेकले आणि चेरी खाणंच बंद केलं, कारण खाल्ली की तोंडी परीक्षा ठरलेली.

घरातली माणसं संपल्यावर बाबा बाहेरच्यांकडे वळले. वीजमीटर बघायला आलेला माणूस, पार्सल घेऊन आलेला, चुकीच्या घरी आलेला, कुणी सुटला नाही. एकदा मी शाळेतून आले तर फाटकात गॅसवाला उभा. खांद्यावर भरलेला सिलिंडर, तोंडात चेरी, आणि समोर बाबा.

"कैसी लगी?"

"खट्टी है साब. अच्छी है."

"खट्टी मतलब कैसी? इमली की खट्टी या नींबू की खट्टी?"

"साब, पहले सिलिंडर रख दूँ?"

"रखो रखो, मगर स्वाद मत भूलो."

त्या माणसाने पुढच्या वेळी सिलिंडर फाटकाबाहेरच ठेवून हाक मारली आणि पळाला.

आई हे सगळं बघत होत्या आणि सुखात होत्या. त्यांनी चेरीची चटणी केली, सरबत केलं, आंटींकडून शिकून वरणात घातली. सगळ्यात मन लावून केला तो मुरांबा. प्रत्येक फळ दाबून त्यातल्या तीन तिकोनी बिया काढायच्या, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साखर मुरू द्यायची, शेवटी वेलदोडा. दर थोड्या वेळाने पळीने तळहातावर थेंब घेऊन चाटायचा, साखर कमी वाटली तर आणखी घालायची. आईंचं माप हे असं जिभेवर असे, वाटी-चमचा त्यांनी कधी वापरला नाही. जेवताना त्या बाबांच्या समोरच बसायच्या आणि चपातीला मुरांबा लावून सावकाश खायच्या. "यंदा फार छान झालाय," बाबांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही गंमत वाटायची. चार वर्षं सीताफळाच्या बिया मीही मोजल्यासारख्या बघितल्या होत्या.

मग एक दुपार आली. जेवणं झाली होती, बाबांनी भांडी घासायला घेतली होती. निवृत्तीनंतर दुपारची भांडी तेच घासतात. मी आणि आई अंगणात फळं निवडत होतो आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बाबांनी आईंची मुरांब्याची रिकामी वाटी उचलली. आजूबाजूला पाहिलं. वाटी नाकाशी धरून त्यांनी वास घेतला, एकदा, मग पुन्हा एकदा. बोट वाटीत घालायला गेलं आणि थांबलं. मग त्यांनी नळ सोडला आणि वाटी घासून, पुसून, जागच्या जागी ठेवली.

आईंनी पाहिलं. हातातली चेरी त्यांनी इतकी दाबली की रस मनगटापर्यंत आला.

संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं वाटायचं बघ, ह्यांना कळावं," त्या म्हणाल्या. "आता कळलंय तर मलाच बरं वाटंना." मला रडू आलं, पण कणकेचे हात, डोळे पुसता येईनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या गुरुजींना फोन लावायला सांगितला. हिमायतनगरात राहतात, आमच्याकडच्या पूजा तेच सांगतात. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. आईंनी विचारलं की काशीला सोडलेली वस्तू परत खायची असेल तर काय करावं. गुरुजी म्हणाले, "काकू, सोडली ती सोडली. परत घेता येत नाही."

"पण देवाला काय पाहिजे?" आई म्हणाल्या. "ती वस्तू कुणीतरी सोडलेली पाहिजे, एवढंच ना? मग ह्यांच्याऐवजी मी सोडते."

पलीकडून स्कूटरचे हॉर्न ऐकू येत होते, मग गुरुजी म्हणाले, "काकू, असं शास्त्रात कुठं सांगितलेलं नाही."

"सांगितलेलं नाही म्हणजे मनाईपण नाही," असं म्हणून आईंनीच फोन बंद केला. हा तर अगदी बाबांचा युक्तिवाद झाला. इतक्या वर्षांच्या संसारात थोडं इकडचं तिकडे जायचंच.

त्यांनी तांब्या घेतला, तुळशीपाशी गेल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि मोठ्याने चेरीचं नाव घेऊन पाणी सोडलं. बाबा धावत आले. "अगं, मी सांगितलं होतं का तुला? मला नको ती चेरी!"

"गप बसा," आई म्हणाल्या. "तोंड उघडा."

बाबांनी तोंड उघडलं. आईंनी चेरी आत ठेवली. बाबांनी चावली, आणि एक डोळा आपोआप मिटला. ज्या चवीसाठी त्यांनी अख्खी गल्ली वेठीला धरली होती ती चव अखेर त्यांना कळली होती. आईंनी अधीर होऊन विचारलं, "कसं लागायलंय?"

बाबांनी चेरी सावकाश चघळली, बिया तळहातावर काढल्या. मग म्हणाले, "आंबट-गोड."

पुढचा बहर पावसाळ्यात आला. पावसाळी फळ दिसायला मोठं, पण पाणचट आणि विलक्षण आंबट. उन्हाळ्याच्या मापाने साखर घातली तर मुरत नाही, दुप्पट लागते. हे चाखल्याशिवाय कळत नाही, आणि आईंना आता चाखायचं नव्हतं. मी त्या दिवशी शाळेत परीक्षेवर होते, नवरा ऑफिसात, मुलगी कॉलेजात, बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत. आईंनी अंदाजाने मुरांबा केला आणि दोन मोठ्या बरण्या भरून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी चपातीला लावून एक घास घेतला आणि माझे दात आंबले, कानामागे कळ गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्यांची वाटी रिकामी होती. डोळ्यांत पाणी होतं.

"कसा झालाय?" आईंनी विचारलं.

"झकास," बाबा म्हणाले.

ते दर दिवशी वाटीभर खात होते. एक बरणी संपली. आम्हाला कुणाला हात लावू देत नव्हते, "माझ्या वाट्याची चेरी आहे, इतकी वर्षं थांबलोय" म्हणायचे. दर दिवशी आई विचारायच्या आणि दर दिवशी ते झकास म्हणायचे. दुसरी बरणी निम्मी झाली तेव्हा एकदा आई त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिल्या. घास गिळताना बाबांच्या मानेची शीर उभी राहिली होती.

"खोटं बोलायलाव तुम्ही," आई म्हणाल्या.

"मग तूच चाखून बघ की," बाबा म्हणाले.

आईंनी बरणी पुढे ओढली, झाकण काढलं आणि बरणीत नुसतं बघत बसल्या. मग पळी घेतली आणि बाबांच्या वाटीत आणखी मुरांबा वाढला. बाबांनी तोही संपवला.